सवडीचे भाडे

दाभोळच्या धक्क्यावर उभा राहिलो, की मला थोडी लाज वाटते. समोरून धोपाव्याची फेरीबोट मोटारींसकट खाडी ओलांडत असते आणि मला आठवतो पन्नास वर्षांपूर्वीचा एक शिडाचा मचवा.

दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघे मित्र तो भाड्याने घेऊन हर्णैला निघालो होतो. वाशिष्ठीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीत त्यावर लाटा फुटतात. तिथे तांडेलाने भरतीसाठी नांगर टाकला. मी चिडलो. तो ढिम्म हलला नाही.

पुढे सुवर्णदुर्गाच्या आडोशाला मात्र मी रमलो. १७५५ साली कमोडोर जेम्सच्या तोफांनी हादरलेला तो जलदुर्ग आता इतका शांत होता, की दोन दिवस कसे गेले ते कळले नाही. तिसऱ्या पहाटे मतलई वारा सुटला. तांडेलाने हाक मारली.

"राहू या की दुपारपर्यंत, तांडेलमामा! घाई कुणाला आहे?" मी गोधडीतूनच म्हणालो.

"वाऱ्याला आहे, मास्तर," तो म्हणाला. मग खलाशाच्या पोराकडे पाहून हळूच म्हणाला, "आणि ह्याला. लग्नानंतरचं पहिलं लक्ष्मीपूजन आहे आज."

मी हसलो, आणि हट्ट सोडला नाही.

अमावास्येची भरती दुपारची. पहाटे निघालो असतो, तर तिच्याबरोबर खाडीत शिरलो असतो. पोहोचलो तिन्हीसांजेला, ऐन ओहोटीत. मध्यरात्रीपर्यंत बाहेरच नांगरून राहावे लागले. दूर दाभोळच्या पणत्या लुकलुकत होत्या. ते पोर नाळेवर बसून त्यांच्याकडे पाहत होते. ते काही बोलले नाही. त्याचे नावही मी विचारले नव्हते.

सवड ही निरुपद्रवी गोष्ट आहे, असे आपण समजतो. घाईने माणसे मरतात. निवांतपणाने कुणाचे काय बिघडते? पण पाण्यापुढे माझे न ऐकणाऱ्या तांडेलाला पैशापुढे माझे ऐकावे लागले होते. भाडे दिले, की मचवा आपला होतो. मचव्यावरच्या माणसाची संध्याकाळही आपली होते काय? माझ्या सवडीचे खरे भाडे त्या पोराने भरले होते, आणि त्याच्या घरी कुणीतरी.

वाचकहो, हा अंक घेऊन तुम्ही झोपाळ्यावर विसावला असाल, तर खुशाल विसावा. सणाला तेच शोभते. फक्त एकदा स्वयंपाकघरात डोकावून या. तिथे कुणाची भरती चुकत नाही ना, एवढे पाहा.