नामदेवांनाही पंढरपूर सोडावं लागलं



आजचं चिंतन नामदेव महाराजांच्या चरित्रातल्या एका प्रसंगावर. कथा तुम्हाला पाठ असेल. मलाही होती. पण आज सकाळी वाचताना एका जागी अडकलो.

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत मंडळी जमलीयेत. मुक्ताई थापटणं उचलते आणि विचारते, काका, हे कशाला? काका म्हणतात, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग आमचीही परीक्षा घ्या की! काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे गप्प बसून घेतात. नामदेवांना मात्र राग येतो. निकाल लागतो : हे मडकं कच्चं.

विचार करा, हे कुणाला ऐकावं लागलं? ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठल जेवला, त्याला. नामदेव तडक पंढरपूरला येऊन देवापाशी रडतात. आणि देव बाजू घेत नाही! म्हणतो, ते बरोबर बोलले, तू विसोबा खेचरांकडे जा. नामदेव वाद घालतात, तूच समोर असताना मला गुरू कशाला?

मी अडकलो तो इथे. कम्फर्ट झोन म्हटलं की आपल्याला अंथरूण, मोबाईल, आळस आठवतो. नामदेवांचा कम्फर्ट झोन विठ्ठलाचा गाभारा होता. तिथे चुकीचं काहीच नव्हतं. फक्त तिथे त्यांना 'नाही' म्हणणारं कुणी नव्हतं. कच्चं मडकंही फळीवर छान दिसतं. पाणी भरल्यावर कळतं.

आता माझं सांगतो. रोज रात्री खोलीचं दार लावून मी हरिपाठ म्हणतो, एकटाच. डोळे भरून येतात, स्वतःचंच कौतुक वाटतं. तीन महिन्यांपूर्वी जवळच्या एका भजनी मंडळात गेलो. दुसऱ्याच अभंगाला एक आजोबा टाळ थांबवून म्हणाले, "बाळा, तू आमच्याबरोबर म्हणत नाहीयेस. तुझं तुझंच चाललंय." सगळ्यांसमोर! परत गेलोच नाही. घरी म्हणणं जास्त सात्त्विक, अशी स्वतःची समजूत घातली. (समजूत घालण्यात मी पक्कं मडकं आहे.)

एक सांगायला हवं. कुणीही टोचून बोललं की तो आपला गोरोबाकाका, असं मी मानत नाही. ऑफिसात अपमान सहन करा असा याचा अर्थ काढू नका. काकांचं थापटणं घरातलं होतं, नामदेवांवर जीव असलेल्या माणसांमधलं. त्या आजोबांनीही मला 'बाळा' म्हटलं होतं. ते मी सोयीस्कर विसरलो.

नामदेव औंढा नागनाथला जातात. बघतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेत. पाय काढा म्हटल्यावर ते म्हणतात, मी म्हातारा, तूच उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव. नामदेव पाय उचलतात. जिथे ठेवावेत तिथे पिंड! मला यातलं पाय उचलणं फार आवडतं. विसोबांना हे तोंडीही सांगता आलं असतं. पण ज्या पायांचा राग आला, तेच नामदेवांना हातात घ्यावे लागले.

पुढे हेच नामदेव पार पंजाबात गेले. घुमानला आजही त्यांचं स्थान आहे, आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. भाषा परकी, माणसं अनोळखी, आणि तरी देव तिथेही भेटला. शेवटी पंढरपुरात त्यांनी जागा मागितली ती महाद्वाराच्या पायरीशी, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय लागतील अशी.

उद्या रविवार. मंडळाचं भजन साडेसहाला असतं. टाळ आत्ताच पिशवीत टाकलेत. आजोबांशेजारी बसायचं की मागे, ते अजून ठरत नाहीये.