आखूड नळीचा न्याय

शिकारीचे समर्थन करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही आणि तिच्या निषेधासाठीही नाही. आपल्या देशापुरता तो वाद १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने बव्हंशी मिटविला आहे. शिवपुरीच्या ज्या रानात शिंदे सरकारांच्या शिकारी होत, ते रान २०२५ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. आणि आमच्यासारख्या जुन्या घरांच्या भिंतींवरील शिंगे केव्हाच माळ्यावर गेली. तरीही शिकारीने उभा केलेला एक नैतिक प्रश्न कायद्याने सुटत नाही. तो आम्हांस भेटला, तोही आपल्या मुलखात नव्हे, तर अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातील आमच्या भाच्याच्या घरी.

भाच्याचे शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत. तेथे हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, उघडपणे केली जाते. घरात उत्तम रायफल असताना हे गृहस्थ ती बाजूला ठेवून रिव्हॉल्वर घेऊन रानात जातात. आम्ही कारण विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की रायफलीने काम फार सोपे होते. दोनशे यार्डांवरचे हरीण रायफलीच्या दुर्बिणीतून टिपता येते. त्या बिचाऱ्यास आपण आहोत याची वार्ताही नसते. रिव्हॉल्वर घेतले की पन्नास यार्डांच्या आत जावे लागते, वारा पाहावा लागतो, तासन् तास निश्चल बसावे लागते. हरणास संधी मिळते. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने शिकारीतील ज्या न्याय्य पाठलागाचा पुरस्कार केला, त्याच परंपरेतला हा विचार. आम्हांस तो त्या वेळी मनापासून पटला.

परंतु त्यांनी ते शस्त्र टेबलावर ठेवले आणि आमच्या मनात शंका उत्पन्न झाली. ते .४४ मॅग्नम होते. आयडाहोतील गुरांचे मालक आणि लेखक एल्मर कीथ यांनी जुन्या .४४ स्पेशल काडतुसात अधिक दारू भरून वर्षानुवर्षे प्रयोग केले, कंपन्यांचा पिच्छा पुरविला. त्यातून १९५५-५६ च्या सुमारास हे काडतूस जन्मास आले. साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे चौदाशे फूट वेगाने सुटते. (१९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटाने त्यास जी कीर्ती मिळवून दिली, तिचा शिकारीशी काही संबंध नाही.) पण गोष्ट येथे थांबली नाही. पुढे .४५४ कॅसुल आले, २००३ साली .५०० मॅग्नम आले. या शेवटच्याचे लांब नळीचे रिव्हॉल्वर सुमारे दोन किलो वजनाचे, आणि नळीच्या तोंडाशी त्याचा जोर शिकारी रायफलीच्या जोराजवळ जाणारा. म्हणजे रायफल फार समर्थ म्हणून माणसाने ती खाली ठेवली, आणि मग हातातील लहान शस्त्र रायफलीइतके समर्थ करण्यात अर्धशतक घालविले!

भाच्यास हेच मोठे रिव्हॉल्वर घ्यावयाचे होते. त्याचा युक्तिवाद दयेचा होता: गोळी जितकी मोठी, तितके जनावर लवकर सुटेल. शेजाऱ्यांनी वाद घातला नाही. ते त्यास गोळीबाराच्या मैदानावर घेऊन गेले. कानांवर संरक्षक चढवून आम्ही मागे उभे राहिलो. त्यांनी आपले रिव्हॉल्वर स्वतः भरले, सहा घरांपैकी तीनांत जिवंत काडतुसे आणि तीनांत उडविलेली रिकामी, आणि क्रम भाच्यास कळू दिला नाही. पहिला बार झाला. नळी आकाशाकडे उसळली. दुसऱ्या वेळी नुसता ‘टक’ असा घोड्याचा आवाज आला, पण नळी झपकन खाली गेली. धक्का यावयाचाच नव्हता, तरी मनगटाने तो अगोदरच झेलला होता. भाचा क्षणापूर्वीच म्हणाला होता, ‘मामा, मला भीती वाटत नाही हं.’ तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या हातास जे ठाऊक होते ते त्यास ठाऊक नव्हते, इतकेच. त्या झुकलेल्या नळीतून खरी गोळी सुटती, तर ती हरणाच्या छातीत न जाता पोटात किंवा पायात जाती.

यानंतर शेजाऱ्यांनी त्यास हलकी .४४ स्पेशल काडतुसे दिली. ती त्याच शस्त्रात चालतात. मूठ उंच धरावी, चाप हळूहळू दाबत जावा, बार केव्हा उडेल याची वाट पाहू नये. कसोटी साधी. न्याहारीच्या ताटलीएवढी कागदी ताटली लावावयाची. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे साधारण तेवढ्या जागेत येतात. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी, बहुतेक नव्हे, प्रत्येक, ताटलीत पडेल, ते तुमचे अंतर. रिव्हॉल्वरची गोळी दणक्याने मारीत नाही. ती भोक पाडते, आणि भोक योग्य जागी नसेल तर त्याची रुंदी कामास येत नाही.

येथे आमच्या पहिल्या पटण्यास तडा गेला. शिकारी स्वेच्छेने उणेपणा पत्करतो, त्यास आपण न्याय म्हणतो. पण त्या उणेपणाची किंमत कोण भरतो? पायी चालावे लागले, थंडीत कुडकुडावे लागले, रिकाम्या हाताने परतावे लागले, तर शिकारी भरतो. नेम चुकून जनावर जखमी होऊन झाडीत मरावयास गेले, तर जनावर भरते. दोन्हींस आपण ‘हरणाला दिलेली संधी’ हेच एक नाव देतो, आणि या एकाच नावाने आपली फसवणूक होते. अधिक जोराचे शस्त्र घेऊन ही किंमत टाळता येईल हा भाच्याचा समज. पण जोर वाढला की धक्का वाढतो, धक्क्याने हात बिघडतो, आणि बिल पुन्हा हरणाकडेच जाते. आपल्याकडे हत्तीच्या हौद्यात इंग्रज शिकारी मोठ्या बोअरची आखूड पिस्तुले ठेवीत, ती वाघ अंगावर चढून आला तर. तेथे नेम चुकल्याची किंमत चुकविणारा स्वतःच भरत असे. तुलना अर्थात पुरती जुळत नाही, हौद्यात बसणे हे काही फार मोठे शौर्य नव्हे.

कीथ यांचीच एक वादग्रस्त हकीकत आहे. सोबत्याच्या रायफलीने जखमी झालेले हरीण सुमारे सहाशे यार्डांवरून निसटत असताना आपण त्यावर .४४ ने गोळ्या झाडल्या आणि ते पाडले, असे त्यांनी लिहिले. अनेकांस हे खोटे वाटले, अनेकांस बेजबाबदार. आम्हांस मात्र त्यातील नीती स्पष्ट दिसते. धडधाकट हरणावर इतक्या अंतरावरून गोळी झाडणे हा अपराधच; पण दुसऱ्या गोळीने आधीच घायाळ झालेल्याबाबत, न झाडणे हीच निर्दयता होऊ शकते. कृती एकच, पण त्या जीवाचे काय झालेले आहे यावर तिचे मोल फिरते. दशरथाचा शब्दवेध आठवावा. नेम तेथेही अचूक होता, आणि न पाहता मारण्याचा मोह त्या कौशल्यातूनच उपजला होता.

भाच्याने अखेर .४४ घेतले. त्याच्या ताटलीचे अंतर तीस यार्ड ठरले. गेल्या हंगामात त्याचा दूरध्वनी आला: पाच दिवस बसला, एक हरीण साठ यार्डांवर बराच वेळ उभे राहिले, त्याने हात वर केला नाही. मग थोडे थांबून त्याने विचारले, ‘मामा, पण रायफल असती तर ते तिथल्या तिथे, त्रास न होता गेलं असतं. मग मी हे रिव्हॉल्वर नक्की कुणासाठी नेतो?’ आम्ही त्यास लगेच उत्तर देऊ शकलो नाही, आणि अद्याप दिलेले नाही.