मुदतीचा भार कोणावर?
भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावात शिलाई मशीन वा दोन शेळ्यांपुरते कर्ज कुटुंबाला उभे करू शकते. मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र शेळी मेली तरी चुकत नाही. कुरआनने व्याज निषिद्ध ठरवले आणि तंगीतील ऋणकोस मुदत देण्याची आज्ञाही केली (अल-बकरा : २७५, २८०). बिनव्याजी पतसंस्था पहिली आज्ञा पाळते. दुसरी तिला जड जाते, कारण तिच्याकडील रक्कम बहुधा अल्प उत्पन्नाच्या ठेवीदारांचीच असते. एकाला दिलेली मुदत दुसऱ्याची ठेव अडवते, आणि मागणारे दोघेही रास्तच असतात.

जकातीच्या आठ हकदारांत ऋणग्रस्तही आहेत (अत-तौबा : ६०). आपली जकात बहुतेक शिधा-कपड्यांतच संपते! तिचा एक हिस्सा खरोखर नडलेल्यांच्या थकीत हप्त्यांसाठी राखला, तर हा भार सधनांकडे जाईल. नड खरी की बतावणी, हे मोहल्ल्यातील जाणत्यांनीच पाहावे.