स्टार ट्रेकच्या नादाला लागलेल्या पुतणीस

चि. सई,

तुझ्या आईचा फोन आला होता. ‘पोरगी त्या स्टार ट्रेकच्या पार नादाला लागलीय, तुम्हीच समजवा,’ म्हणाली. समजावतो. मात्र तिने चुकीच्या माणसाला गळ घातली आहे. दूरदर्शनवर ही मालिका रविवारी सकाळी लागायची, तेव्हापासून मीही त्यातलाच.

नाद करायचाच तर नीट कर. नव्या चकचकीत मालिका राहू देत, १९६६ च्या जुन्या मालिकेपासून सुरुवात कर. सेट पुठ्ठ्याचे वाटतील, हसू येईल, खुशाल हस. पण खिशात पैसे नसले की डोकं कसं चालतं, ते बघ. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसं झगमगत विरघळतात आणि थेट ग्रहावर उभी राहतात. यानावरच्या डॉक्टर मॅकॉयच्या हातातली उपकरणं तर अगदी निरखून बघ. त्यातल्या काही चक्क मीठदाण्या आहेत! पहिल्याच प्रक्षेपित भागात मिठाला हपापलेला प्राणी आहे. त्या भागासाठी आणलेल्या नव्या धाटणीच्या मीठदाण्या प्रेक्षकांना ओळखूच येणार नाहीत असं वाटलं, म्हणून त्यांची रवानगी यानाच्या दवाखान्यात झाली. टोकदार कानांच्या स्पॉकची ती चार बोटांची मुद्राही अशीच हाताशी होती ती वापरलेली. त्याची भूमिका करणाऱ्या लिओनार्ड निमॉयने लहानपणी बॉस्टनच्या ज्यू प्रार्थनागृहात आशीर्वाद देताना ती पाहिली होती.

‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग चुकवू नकोस. खाणीत एकामागून एक कामगार मरताहेत आणि मारणारा आहे दगडासारखा सरपटणारा एक प्राणी. मग उलगडा होतो की, कामगार ज्या गोळ्यांना निरुपयोगी समजून फोडत होते, ती त्याची अंडी होती. म्हणजे तो नव्हे, ती. आई. गालिच्याखाली कुणीतरी रांगतंय हे उघड दिसतं, तरी घशात आवंढा येतो. मला तरी येतो.

आता चाहतेपणाविषयी. १९६७ च्या अखेरीस एनबीसी वाहिनी ही मालिका गुंडाळणार अशी कुणकुण लागली. बीजो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने लोकांना पत्रं लिहायला लावली, कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी मशाली घेऊन बरबँकच्या कार्यालयावर मोर्चा नेला. मार्च १९६८ मध्ये वाहिनीने मालिका चालू राहणार असल्याचं पडद्यावरच जाहीर केलं. पदरात काय पडलं? शुक्रवारी रात्री दहाची वेळ, कापलेला खर्च आणि ‘स्पॉक्स ब्रेन’ नावाचा एक दिव्य भाग. १९६९ मध्ये मालिका बंद झालीच. पण त्या रडतखडत निघालेल्या तिसऱ्या वर्षामुळे भाग ७९ झाले. स्थानिक वाहिन्यांना रोज दाखवायला तेवढे पुरले, आणि खरी लोकप्रियता त्या पुनःप्रक्षेपणांतून आली. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या संमेलनाला हजारो लोक लोटले.

म्हणून सांगतो, ‘स्पॉक्स ब्रेन’सारख्या वाईट भागाला वाईट म्हण. त्याने निष्ठा कमी होत नाही. कप्तान किर्क मोठा की कप्तान पिकार्ड या भांडणात पडू नकोस. आणि नव्याने बघू लागलेल्या कुणाची परीक्षा घेऊ नकोस, असले परीक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांच्याइतकं कंटाळवाणं कुणी नसतं. स्पॉकसारख्या नकली टोकदार कानांवर पैसे उडवू नकोस.

आई फारच मागे लागली तर तिला मे जेमिसनचं नाव सांग. लहानपणी मालिकेतल्या लेफ्टनंट उहुराला पडद्यावर बघणारी ही मुलगी डॉक्टर झाली आणि १९९२ मध्ये अंतराळात गेली. अंतराळात जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. परत आल्यावर तिने ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या एका भागात छोटी भूमिकाही केली. मात्र चाहत्यांच्या पत्रांमुळे ज्याला मालिकेतल्या यानाचं ‘एंटरप्राइझ’ हे नाव मिळालं, ते नासाचं शटल चाचण्यांपुरतंच होतं, अंतराळात कधी गेलंच नाही. हे आईला सांगायची गरज नाही.

गणिताचा पेपर झाला की इकडे ये, पहिली दोन वर्षं सलग बघू. तिसऱ्या वर्षातला ‘स्पॉक्स ब्रेन’ तेवढा तू एकटीने बघ. मी तो पुन्हा बघणार नाही.

तुझा,
काका