मुले बिघडली, जाब कोण देणार?



तरुण मुलगा वाट चुकला की आपण मोबाईलला, मित्रांना, काळाला दोष देतो. तो अगदीच खोटा नसेल. परंतु अल्लाहसमोर जाब आपल्याला द्यायचा आहे. आदरणीय प्रेषितांनी (स.) प्रत्येकाला मेंढपाळ म्हटले आहे, ज्याच्या हाती जो कळप, त्याविषयी त्यालाच विचारले जाईल.

एका मातेने काही देण्याचे सांगून लहानग्याला जवळ बोलावले. काय देणार, असे प्रेषितांनी (स.) विचारले. तिने खजूर सांगितले. काहीच दिले नसते तर तुझ्या नावे असत्य नोंदले गेले असते, असे त्यांनी बजावले.

दारी घेणेकरी आला असता ‘अब्बा घरी नाहीत, असे सांग’ म्हणून आपण मुलाला पाठवतो, तेव्हा तो काय शिकतो? उद्या तो आपल्याशीच खोटे बोलला, तर नवल कसले?

मात्र दुसऱ्याच्या दुःखी आईबापाला टोमणे मारू नका. हजरत नूह (अ.) यांचा पुत्रही सन्मार्गावर आला नाही. हृदये अल्लाहच्या हाती आहेत. आपल्या हाती प्रामाणिक आचरण, जिव्हाळा आणि दुआ. त्यांचाच हिशेब आपल्याला द्यायचा आहे.

अल्लाह आपल्या संततीला सन्मार्ग दाखवो. आमीन.