उधारीची वही

जमैकात चिनी मजूर पहिल्यांदा उतरले ते 1854 साली, उसाच्या मळ्यांवर राबायला. मागोमाग त्यांचे भाऊबंद आले, बहुतेक हाक्का, आणि गावोगावी त्यांची किराणा दुकानं उभी राहिली. किंग्स्टनच्या पूर्वेला, सेंट थॉमस भागातल्या अशाच एका दुकानात एक मुलगी वाढली. वडील हाक्का, आई गावातल्याच काळ्या शेतकऱ्याची लेक. शाळेत मुलं तिला 'चायनी रॉयल' म्हणून हाक मारत. मिश्र रक्ताच्या पोरांना तिकडे तसंच म्हणायचे.

1951 च्या एप्रिलात 'गा सान' होता, पूर्वजांच्या थडग्यांना भेटायचा दिवस. वडील तिला आणि धाकट्या भावाला किंग्स्टनच्या चिनी दफनभूमीत घेऊन गेले. तिथे भावकीतल्या एका आजोबांनी घराण्याची वंशावळ उघडली.

"आई आपल्यातली नाही, पण मुलगा आहे. लिहू," म्हणाले.

तिनं आपलंही नाव सांगितलं.

"मुलींची लिहीत नाहीत, बाळ."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. रीतच तशी होती. पण दहा वर्षांच्या पोरीला रीत कशी कळावी? परतीच्या बसमध्ये ती गप्प होती. वडीलही.

17 ऑगस्टच्या रात्री 'चार्ली' चक्रीवादळानं दुकानाचं छप्पर उडवून नेलं. सकाळी चिखलात उधारीची वही सापडली. वडिलांना इंग्रजी लिहिता येत नसे. ते गिऱ्हाइकं खुणेनं, चिनी अक्षरांत टिपून ठेवत. 'लंगडा सुतार', 'निळ्या फडक्याची'. शाई फुटून पानंच्या पानं निळी झाली होती.

दुपारपासून लोक येऊ लागले. ज्यांची घरं आडवी झाली होती, तेच. "मिस्टर चिन, माझे साडेतीन शिलिंग आहेत, लिहून ठेवा." (आडनाव काहीही असो, चिनी दुकानदार म्हणजे मिस्टर चिन.) आपलं देणं आपणहून लिहवायला आलेली ही माणसं मला फार मोठी वाटतात.

वडिलांनी मण्यांची पाटी बाजूला सारली आणि कोरी वही मुलीपुढे ठेवली. "तू लिही."

ती एकेकाला नाव विचारून इंग्रजीत लिहीत गेली. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांची खरी नावं वडिलांना त्या दिवशी कळली.

जुन्या वहीत आतलं एक पान कोरडं राहिलं होतं.

"पापा, हे काय लिहिलंय?"

"जास्त आलेली पेनी परत आणून देणारी."

"कोण ती?"

वडिलांनी मागच्या दाराकडे पाहिलं. आई भिजलेले खारे मासे उन्हात पसरत होती.

रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी नवी वही जवळ ओढली. पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर, त्यांनी चिनीत मुलीचं नाव घातलं. आधी घराण्याचं आडनाव, मग तिचं.