नकार कुणाच्या नावावर?

घर भाड्याने देणाऱ्याच्या हातात एक छोटी सत्ता असते. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं हे तो ठरवतो, आणि त्याचं कारण सांगायला तो बांधलेला नसतो. भाडेकरू टिकून असतो, भाडं वेळेवर खात्यात पडत असतं, तोवर ही सत्ता आपल्यापाशी आहे हे लक्षातही येत नाही. करार मध्येच मोडला आणि नवा माणूस घाईने शोधायची वेळ आली की आपण ती कशी वापरतो, ते आपल्यालाच दिसू लागतं. सध्या मी ते पाहते आहे.

कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटचं भाडं महिना 24,000 रुपये. सासूबाईंजवळ दिवसभर थांबणाऱ्या मावशींचा पगार त्यातूनच होतो. म्हणजे घर रिकामं राहिलं की त्याची झळ थेट आमच्या घरात लागते. भाडेकरू जोडपं चांगलं होतं. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन होता, म्हणजे त्याआधी घर सोडायचं नाही. तो संपायला दोन महिने राहिले असताना नवऱ्याची नोकरी गेली आणि दोघांनी गावी परतायचं ठरवलं. फोनवर तो म्हणाला, "ताई, डिपॉझिटमधून काय कापायचं ते कापा, पण उरलेलं लवकर द्या."

करारातलं कलम माझ्या बाजूने होतं. उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं, 48,000 रुपये, कापून घ्यायला कागदाची हरकत नव्हती. पण 1872 चा भारतीय करार कायदा इतका सरळ नाही. त्याचं 74 वं कलम सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा आहे, मिळायची ती वाजवी भरपाई. 73 व्या कलमाच्या स्पष्टीकरणात तर नुकसान टाळण्याचे जे मार्ग हाताशी होते तेही हिशेबात धरा, असं म्हटलं आहे. साध्या भाषेत, घर मुद्दाम रिकामं ठेवून त्याचे पैसे जाणाऱ्याकडून घेता येत नाहीत.

हे माहीत असूनही मनात एक गणित सुरू होतंच. जुन्याचे दोन महिने कापायचे, नवा भाडेकरू एक तारखेला आणायचा, आणि मागणी आहे म्हणून भाडं दोन हजारांनी चढवायचं. एजंटने तसं सुचवलंही. त्या गणिताकडे नीट पाहिलं तेव्हा दिसलं की यात माझं नुकसान कुठेच उरत नाही. उरते ती फक्त कमाई, आणि ती एका बेकार झालेल्या माणसाच्या डिपॉझिटमधून. म्हणून आधी एवढं पक्कं केलं की घर जितके दिवस खरोखर रिकामं राहील तितक्या दिवसांचं भाडं, नवी दलाली आणि नव्या कराराच्या नोंदणीचा खर्च कापायचा. बाकी सगळं परत. भाडं तेच ठेवायचं.

ही बाजू आकड्यांची होती, म्हणून त्या मानाने सोपी गेली. कठीण प्रश्न पुढचा होता, घर द्यायचं कुणाला?

विचारणा तीन आल्या. जाणाऱ्या भाडेकरूनेच आपल्या ओळखीचं एक जोडपं पाठवलं. नवरा कॉलेजात शिकवणारा, बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये, दोघंही मुस्लिम. मग एजंटने एका रुग्णालयातल्या तीन नर्स आणल्या. शेवटी एका बँक अधिकाऱ्याचं कुटुंब आलं. त्यांच्या बाबतीत एजंट उत्साहात होता. "मॅडम, ही पार्टी सोडू नका. फॅमिली आहे, आपल्यातलेच आहेत, दोन हजार जास्त द्यायला तयार आहेत." पहिल्या जोडप्याबद्दल तो एवढंच म्हणाला होता, "नाव बघून घ्या आधी. मला काही नाही, पण सोसायटीत चालत नाही."

त्या क्षणी माझ्या मनात काय झालं ते लिहिणं मला भाग आहे. मला राग आला नाही. मला सुटका झाल्यासारखं वाटलं. सोसायटीत चालत नाही म्हटल्यावर निर्णय माझ्या हातून सुटत होता. मला नाही म्हणावं लागणार नव्हतं, दुसरं कुणीतरी माझ्या वतीने म्हणणार होतं. ते हायसं वाटणंच तपासायला हवं असं मला वाटलं.

तेव्हा बडोद्याची हकिगत डोळ्यांपुढे आली. 1917 साली परदेशातलं उच्च शिक्षण घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला तिथे गेले, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नावाने ते काही दिवस राहिले. तिथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. त्यांनी स्वतः ही हकिगत लिहून ठेवली आहे. लाठ्यांइतकाच तिच्यातला पुढचा भाग मला अस्वस्थ करतो. आसऱ्यासाठी त्यांनी ओळखीच्या दोघांना विचारलं. एक हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल. दोघांपैकी कुणीही 'मला नको' असं म्हटलं नाही. एकाने नोकरांना पुढे केलं, दुसऱ्याने बायकोला.

शंभरहून जास्त वर्षं झाली. आज आपण सोसायटीला पुढे करतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढे करतो, शेजारच्या काकूंच्या सोवळ्याला पुढे करतो. 2015 मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घर शोधणाऱ्याचं नाव दलित किंवा मुस्लिम असलं की नकार वाढत होता. असा नकार देणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी स्वतःशी तेच म्हटलं असेल, माझं काही नाही हो, पण...

कायदा इथे आपल्याला फारसा अडवत नाही. राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदाने दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते सर्वांना खुले केले. खाजगी घराचं दार त्या यादीत नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध धरला. म्हणजे माझ्या उंबरठ्यावर कायदा थांबतो. तिथून पुढे जे काही करायचं ते सदसद्विवेकानेच करायचं. तोही झोपला, तर विचारणारं दुसरं कुणी नाही.

मालकाची भीती खोटी असते असं मी म्हणणार नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि 'भाडेकरू घर बळकावतो' ही धास्ती आपल्याकडच्या मालकांच्या हाडीमांसी रुजली. पण आता 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या 55 व्या कलमाप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. 24 व्या कलमाप्रमाणे मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट रक्कम मागता येते. शिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याची सोय आहे. इतकं संरक्षण असताना माझी भीती एखाद्या नावापाशीच का जागी व्हावी? बँकेतल्या साहेबांची पगाराची स्लिप मागायचंही मला सुचलं नव्हतं. प्राध्यापकांची मात्र आधीच्या घरमालकाकडे चौकशी करावी असं लगेच वाटलं. फरक कागदांत नव्हता. फरक माझ्या नजरेत होता.

म्हणून एका कागदावर प्रश्न लिहिले आणि तिघांनाही तेच, त्याच क्रमाने विचारले. पगाराचा पुरावा काय? किती जण राहणार? आधीचं घर का सोडलं, आणि त्या मालकांशी बोललं तर चालेल का? किमान किती दिवस राहण्याचा विचार आहे? नोंदणी आणि पोलिसांकडची माहिती याला तयारी आहे ना? उत्तरं समाधानकारक असतील तर जो आधी आला त्याला घर. आणखी एक कसोटी फक्त माझ्यासाठी ठेवली, ती म्हणजे नकाराचं कारण समोरच्याच्या तोंडावर, डोळ्यांत बघून सांगता आलं पाहिजे. 'पगाराच्या मानाने भाडं जास्त होतंय' हे सांगता येतं. 'दुसरे आधी आले' हेही सांगता येतं. जे सांगताना जीभ अडखळेल किंवा तिसऱ्याचं नाव घ्यावं लागेल, ते कारण नव्हे.

तिघांचीही उत्तरं समाधानकारक होती. आधी आलेलं जोडपं प्राध्यापकांचं होतं. घर त्यांना द्यायचं ठरलं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवायला गेले. आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देताना संस्थेला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "वहिनी, माझी काही हरकत नाही. पण बाकीच्या सभासदांचं काय?" मी म्हटलं, "ज्यांची हरकत असेल त्यांनी नाव घालून लेखी द्यावी." त्यांनी विषय बदलला. अजून तरी कुणाचं पत्र आलेलं नाही. स्वतःच्या नावाने सही करायची म्हटली की बऱ्याच हरकती विरून जातात.

यानंतर मनाने एक वेगळा पेच टाकला. आपण काहीतरी थोर करतो आहोत, असं आत कुठेतरी वाटू लागलं होतं. ते वाटणं मला नकाराइतकंच धोक्याचं वाटतं. ती दोघं 24,000 रुपये भाडं देणार आहेत, डिपॉझिट देणार आहेत, त्यांनी नियम मान्य केले आहेत. मी त्यांच्यावर उपकार केलेला नाही. उपकार समजून घर दिलं, तर उद्या नळ गळतो म्हणून त्यांनी फोन केला तरी मला ती कृतघ्नता वाटेल. दुसऱ्या कुणाकडून मी जेवढी अपेक्षा केली असती तेवढीच त्यांच्याकडून करायची. भाडं थकलं तर तितक्याच स्पष्टपणे मागायचं.

नर्स मुलींना मी स्वतः फोन करून सांगितलं की तुमच्याआधी आलेल्यांना घर दिलं, तुमच्यात काही उणं नव्हतं. त्यांच्यातली एक म्हणाली, "बरं झालं मॅडम, कारण तरी कळलं. नाहीतर बॅचलर आहोत म्हणूनच असेल असं वाटलं असतं." किती घरांतून त्यांना कारण न सांगता परत पाठवलं असेल, ते त्या वाक्यात होतं. बँकेतल्या साहेबांनाही तेच सांगितलं. त्यांनी पुन्हा दोन हजारांचा विषय काढला. मी नाही म्हटलं, आणि ते माझ्याच नावावर म्हटलं.

एका प्रश्नाचं उत्तर अजून माझ्यापाशी नाही. प्राध्यापक आधी आले म्हणून क्रम माझ्या मदतीला आला. बँकेतलं कुटुंब आधी आलं असतं, तर त्याच नियमाने घर त्यांना गेलं असतं आणि ते न्याय्यच ठरलं असतं. पण तेव्हा माझ्या नजरेतला तो फरक मला दिसला असता का? बहुधा नसता. निर्णय बरोबर आला म्हणून मन स्वच्छ आहे असं होत नाही. तेव्हा घर पुन्हा रिकामं होईल तेव्हा प्रश्नांचा कागद पहिल्या फोनच्या आधी तयार असेल, आणि एजंटला सुरुवातीलाच सांगेन की नावं मला नंतर सांगा, आधी कोण केव्हा आलं तेवढं सांगा.